मानसोपचार वॉर्डातील झोप आणि झोपेच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रपाळीच्या सिस्टर आणि ब्रदर, निवासी डॉक्टर, दाखल असलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दिलेल्या मात्रा प्रौढांसाठीच्या, नेहमीच्या आहेत. समोरच्या रुग्णाची मात्रा त्याचे डॉक्टरच ठरवतील.

दाखल झाल्यावर झोप आणखी बिघडते. ती आजारामुळे की वॉर्डामुळे?

बहुतेक वेळा दोन्हींमुळे. कशाचा किती वाटा आहे हे पाहिल्याशिवाय उपाय नेमका लागत नाही.

आजाराच्या खुणा बऱ्याचदा ओळखता येतात. नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. उन्मादात (मॅनियात) माणूस तीन तास झोपूनही टवटवीत असतो. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाशी संबंध तुटतो तेव्हा, आवाज ऐकू येतात, किंवा कोणीतरी आपल्याला मारेल या भीतीने रात्र जागून काढली जाते. मानसिक आघातानंतर दुःस्वप्नांची धास्ती एवढी असते की माणूस अंथरुणाकडे जायचेच टाळतो.

वॉर्डाचा वाटा मात्र कोणी मोजत नाही. दिवसभर करण्यासारखे काही नाही, म्हणून दुपारी दोन तास झोप. रात्री नऊला औषधे, साडेनऊला दिवे बंद, सकाळी सहाला उठवणी. म्हणजे साडेआठ तास अंथरुणात. ज्याची झोप मुळात सहा तासांची आहे आणि त्यातले दोन तास दुपारीच संपले आहेत, तो रात्री चार-साडेचार तास झोपून उरलेला वेळ कूस बदलत राहणार. त्याला निद्रानाश आहे असे चार्टवर लिहिले जाते, पण इथे चुकले आहे ते वेळापत्रक. त्यात नर्सिंग स्टेशनचा प्रकाश, फोनची घंटा, आपटणारी दारे, शेजारच्या खाटेवरचे घोरणे आणि घाम आणणारे प्लास्टिकचे गादीकव्हर यांची भर पडते.

गोळी लिहिण्याआधी काय तपासायचे?

रुग्ण झोपत नाही एवढ्यावर गोळी लिहू नये. तो का जागा आहे याचे उत्तर पाच-दहा मिनिटांच्या बोलण्यात बहुधा मिळते.

सर्वांत जास्त निसटते ते अकॅथिसिया. सायकोसिसवरचे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांत रुग्णाला आतून प्रचंड अस्वस्थ वाटू लागते. तो येरझाऱ्या घालतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहतो, बसला तरी पाय हलवतो. नोंदीत चिडचिड किंवा अस्वस्थता एवढेच येते, मग त्याच औषधाची मात्रा वाढते आणि त्रास दुप्पट होतो. इथे मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा दमा नसल्यास प्रोप्रॅनोलॉल देणे हा विचार आधी व्हायला हवा.

पायांच्या अस्वस्थतेचा विकार वेगळा. तो संध्याकाळनंतर, आडवे पडल्यावर सुरू होतो आणि चालले की ओसरतो. मिर्टाझापिन, एसएसआरआय गटातील नैराश्यविरोधी औषधे, सायकोसिसवरची औषधे आणि प्रोमेथाझिनसारखी गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधे तो वाढवतात. झोप यावी म्हणून अशा रुग्णाला प्रोमेथाझिन दिले की त्याची रात्र आणखी वाईट जाते. रक्तातील फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) पाहावे. ते ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबणे, सकाळी डोके दुखणे, जाड मान, वाढलेले वजन, उच्च रक्तदाब असे दिसले तर झोपेतील श्वासरोधाची शंका घ्यावी. स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची चाचणी खाटेपाशीच करता येते. तीन किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या सायकोसिसवरच्या औषधांनी वजन वाढलेल्या रुग्णांत हे बरेच आढळते.

दाखल होऊन पहिली किंवा दुसरी रात्र असेल तर दारूबद्दल स्पष्ट विचारा. शेवटच्या प्यालानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, वाढलेली नाडी आणि निद्रानाश सुरू होतो. हा झोपेचा प्रश्न नाही. त्याला पूर्ण विड्रॉवल उपचार (दारू सुटल्यावर होणाऱ्या त्रासावरचे उपचार) लागतात, थायमिनसह (बी-१ जीवनसत्त्व). एका झोपेच्या गोळीने लक्षणे अर्धवट झाकली जातात आणि फिट किंवा भ्रमाची अवस्था उशिरा लक्षात येते.

वेदना, खाज, खोकला, बद्धकोष्ठता, भूक आणि लघवी हे प्रश्न साधे आहेत, म्हणूनच विचारायचे राहून जातात. लिथियममुळे लघवी वाढलेला माणूस रात्रीतून चार वेळा उठत असेल तर त्याला गुंगी देणे म्हणजे अंधारात पडण्याची सोय करणे.

शेवटी औषधांच्या वेळा पाहा. बुप्रोपिऑन, मिथिलफेनिडेट, स्टिरॉइड, लघवी वाढवणारी औषधे आणि अनेकांच्या बाबतीत ॲरिपिप्राझोल व फ्लुओक्सेटिनही सकाळी दिलेले बरे. केवळ वेळ बदलून झोप सुधारलेले रुग्ण प्रत्येक वॉर्डात सापडतील.

स्लीप चार्टवर सात तास लिहिलेले असते आणि रुग्ण म्हणतो डोळ्याला डोळा लागला नाही. खरे कोणाचे?

दोघांचेही अर्धेअर्धे. तासाला एकदा टॉर्च मारून पाहणाऱ्याला डोळे मिटलेला माणूस झोपलेलाच दिसतो, त्यामुळे चार्टवर झोप जास्त भरते. निद्रानाश असलेला माणूस उलट आपली झोप कमी धरतो. म्हणून चार्टवर ‘झोपले’ असे न लिहिता ‘डोळे मिटलेले, शांत’, ‘जागे, पडून’, ‘जागे, फिरत’, ‘घोरत’ असे दिसेल ते लिहावे. सकाळी रुग्णाला चारच गोष्टी विचाराव्यात: किती वाजता पडलात, झोप लागायला किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, शेवटी किती वाजता उठलात. दुपारची झोप वेगळ्या रकान्यात नोंदवावी. ही नोंद नसेल तर चार्ट निरुपयोगी आहे.

प्रत्यक्ष झोपेला अंथरुणातल्या वेळेने भागून शंभराने गुणले की झोपेची कार्यक्षमता मिळते. नऊ तास पडून पाच तास झोप म्हणजे सुमारे ५६ टक्के. ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक मानतात.

रात्रीच्या तपासण्यांनीच झोपमोड होते. त्या थांबवता येतात का?

ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या नाही. पण वॉर्डातल्या सगळ्यांना सरसकट तासाला एकदा पाहायचे ही अनेक ठिकाणी केवळ चालत आलेली पद्धत असते. उपचार करणाऱ्या चमूने प्रत्येक रुग्णाचा धोका पाहून रात्रीची तपासणी किती वेळा हवी ते ठरवावे, कारणासह लिहावे आणि धोका बदलला की बदलावे. इंग्लंडच्या ईशान्य भागातील काही वॉर्डांनी धोका कमी असलेल्या रुग्णांसाठी मध्यरात्र ते सकाळी सहा हा संरक्षित झोपेचा काळ ठेवून पाहिला आहे. रात्रपाळीच्या एकट्या माणसाने मात्र हा निर्णय परस्पर घेऊ नये.

तपासणी करावीच लागते तिथे ती कशी करायची हे आपल्या हातात आहे. प्रकाश चेहऱ्यावर न मारता छताकडे किंवा जमिनीकडे मारायचा, छाती वर-खाली होताना दिसेपर्यंत थांबायचे, मऊ तळव्याची पादत्राणे घालायची, दाराच्या कडीला व बिजागरीला तेल द्यायचे. पांघरूण डोक्यावर असेल तर श्वास दिसत नाही, त्यामुळे रुग्णाला आधीच सांगून ठेवायचे: ‘पांघरूण खांद्यापर्यंत ठेवलेत तर तुम्हाला उठवावे लागणार नाही.’

चहा, कॉफी आणि सिगारेट यांचा किती फरक पडतो?

कॅफिनची रक्तातील पातळी निम्मी व्हायला साधारण पाच तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक घटते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणून वॉर्डात दुपारी दोननंतर कॅफिनविरहित पेय ठेवणे हा स्वस्तातला चांगला उपाय आहे. एकदम बंदी मात्र नको. दिवसाला आठ-दहा कप घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी डोकेदुखी आणि चिडचिड होते. रुग्ण फ्लुवॉक्सामिन या नैराश्यविरोधी औषधावर असेल तर कॅफिन शरीरातून बाहेर पडायला कित्येक पट जास्त वेळ लागतो. मग सकाळची कॉफीही रात्री नडते.

निकोटिन स्वतः उत्तेजक आहे आणि त्याची तलफही झोप उडवते. चोवीस तासांच्या पॅचने भडक स्वप्ने पडत असतील तर तो झोपताना काढावा किंवा सोळा तासांचा वापरावा. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची. वॉर्डात धूम्रपान बंद झाले की क्लोझापिन आणि ओलान्झापिनची रक्तातील पातळी वाढते. क्लोझापिनची तर दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. धुरातले घटक यकृताचे औषध मोडणारे जे एन्झाइम वाढवतात ते कमी होते, आणि पॅचने यात फरक पडत नाही. रुग्ण दिवसभर पेंगतो, लाळ गळते, रात्री जागतो. औषधाची पातळी तपासल्याशिवाय हे कोडे सुटत नाही.

दुपारी झोपलेल्या रुग्णाला उठवावे का?

दाखल झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस, तीव्र उन्मादात किंवा औषधाची गुंगी उतरेपर्यंत झोपू द्यावे. त्यानंतर दुपारी तीनच्या आधी, वीस ते तीस मिनिटे, एवढेच. नुसते उठवून उपयोग नाही, उठल्यावर काहीतरी हवे: उजेडात चालणे, व्यायाम, गटचर्चा, स्वयंपाकघरातले काम. सकाळी अर्धा तास बाहेरच्या उजेडात काढणे हे शरीराच्या घड्याळासाठी उत्तम.

गोळीशिवाय वॉर्डात खरोखर काही होते का, की हा पुस्तकी सल्ला आहे?

होते. दीर्घकालीन निद्रानाशासाठी निद्रानाशाची संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा हा पहिला उपचार मानला जातो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१७ मध्ये तेच सांगितले. तीव्र आजाराच्या वॉर्डातही ते जमते का, हे पाहणारी ४० रुग्णांची छोटी चाचणी ऑक्सफर्डमधून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांच्या उपचारात निद्रानाश लक्षणीय कमी झाला. चाचणी छोटी होती, म्हणून तिच्यावर मोठे इमले बांधू नयेत, पण वॉर्डात हे अशक्य आहे ही सबब आता टिकत नाही.

प्रत्यक्षात काय करायचे? उठण्याची वेळ रोज तीच ठेवायची. झोपण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी असू द्यायची. साडेनऊला सगळ्यांनी आडवे व्हावे हा आग्रह सोडायचा. खाट फक्त झोपेसाठी. जेवण, टीव्ही, मोबाइल, डॉक्टरांशी बोलणे हे सगळे खाटेवरच होत असेल तर मेंदूने खाटेचा संबंध झोपेशी का जोडावा? वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून अंधूक उजेडाच्या खोलीत बसायचे आणि पेंग आली की परत यायचे. यासाठी रात्री उघडी राहणारी एक खोली किंवा कोपरा लागतो, आणि ‘खाटेवर जा’ असे न म्हणणारा कर्मचारी लागतो. काळजीचे विषय संध्याकाळी पंधरा मिनिटे बसून कागदावर उतरवायचे. कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी धोक्याचा विचार करून द्यायची. गळफासाची भीती असेल तर पट्टी नको.

अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची पद्धत निद्रानाशावर प्रभावी आहे, पण द्विध्रुवीय विकार (आलटून-पालटून उन्माद आणि नैराश्य) आणि अपस्मार असलेल्यांत जपून. झोप तोडल्याने उन्माद उसळू शकतो आणि फिटही येऊ शकते. तिथे वेळ न कापता नियमित करावा. इतरांतही पाच-साडेपाच तासांच्या खाली जाऊ नये.

रात्री दीड वाजता रुग्ण स्टेशनवर येऊन गोळी मागतो. तेव्हा काय करायचे?

आधी त्याला बसवा, आवाज खाली ठेवा, मोठा दिवा लावू नका. काय होतेय ते विचारा: दुखते का, पाय चुळबुळतात का, आवाज ऐकू येताहेत का, स्वप्न पडले का, कोणाची भीती वाटते का. मरणाचे विचार येताहेत का हेही सरळ विचारा. रात्रीची ही वेळ त्यासाठी वाईट असते. मग लघवी, पाणी, हलके खाणे, गरम किंवा थंड वाटणे. काही सापडले तर त्याचा उपाय करा. नाही सापडले तर वीस-तीस मिनिटे शांत बसू द्या, जमल्यास सावकाश श्वासाचा व्यायाम करून घ्या. बऱ्याच जणांना इथेच पेंग येते.

तरीही झोप नसेल आणि ऑर्डर असेल तर आधी चार्ट पाहा: आज गुंगीचे दुसरे काय गेले आहे, शेवटची मात्रा कधीची, उठायला किती तास उरले. मग ठरवा. जे ठरवाल ते कारणासह लिहा. सकाळच्या हँडओव्हरमध्ये ‘गोळी मागितली, दिली’ एवढ्यावर भागवू नका, रुग्ण का जागा होता ते सांगा. डॉक्टरांना सकाळी कामाची माहिती तीच असते.

कोणती गोळी कशासाठी?

झोप लागायला वेळ लागतो की मधेच जाग येते, यावर निवड ठरते. झोल्पिडेम लवकर लागू होते आणि लवकर उतरते. तिचे अर्धायुष्य (रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) दोन-अडीच तासांचे. मात्रा ५ ते १० मिलिग्रॅम, स्त्रियांना ५ पासूनच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी मात्रा निम्मी केली, कारण सकाळी त्यांच्या रक्तात औषध जास्त उरते. झोपिक्लोनचे अर्धायुष्य सुमारे पाच तास, मात्रा ३.७५ ते ७.५ मिलिग्रॅम. तोंडाला कडू, धातूसारखी चव येते. हे आधी सांगितले नाही तर संशयी रुग्णाला विषप्रयोगाची शंका येते. या गोळ्यांनंतर झोपेत चालणे, खाणे, गाडी चालवणे असे प्रकार घडू शकतात. २०१९ पासून अमेरिकेत त्यावर सर्वांत ठळक इशारा आहे. असे एकदा जरी घडले तरी गोळी पुन्हा देऊ नये. गोळी घेऊन वॉर्डात फिरत, टीव्ही पाहत बसणे टाळावे. दात घासून, लघवी करून, खाटेवर बसल्यावर घ्यावी.

बेन्झोडायाझेपिन गटात (मेंदू शांत करणारी, सवय लावणारी औषधे) टेमाझेपाम १० ते २० मिलिग्रॅम मध्यम काळ टिकते. नायट्राझेपामचे अर्धायुष्य सुमारे एक दिवसाचे आणि क्लोनाझेपामचे त्याहूनही जास्त. ती रोज दिली की पहिल्या मात्रेचा अंश शिल्लक असतानाच दुसरी जाते. पहिल्या रात्री सोसलेली मात्रा सहाव्या दिवशी माणसाला पाडते, ते यामुळे. लोराझेपाम वॉर्डात प्रक्षोभ आणि कॅटाटोनियासाठी (माणूस निश्चल, गप्प होतो ती अवस्था) वापरतात. कॅटाटोनियाच्या रुग्णाचे लोराझेपाम ‘झोपेची गोळी’ समजून कमी करणे ही गंभीर चूक आहे.

क्वेटियापिनची छोटी गोळी जास्त सुरक्षित नाही का?

क्वेटियापिन हे मुळात सायकोसिसवरचे औषध. सवय लागत नाही म्हणून तिची छोटी गोळी लोकप्रिय झाली आहे. पण केवळ झोपेसाठी २५-५० मिलिग्रॅम देण्याला भक्कम आधार नाही. या मात्रेत ती मुख्यतः हिस्टामिनविरोधी म्हणून काम करते, सायकोसिसवर नाही. वजन, साखर, उभे राहताना रक्तदाब उतरणे, पायांची अस्वस्थता हे त्रास मात्र उरतात. रुग्णाला द्विध्रुवीय विकारासाठी क्वेटियापिन लागतच असेल तर तिची मोठी मात्रा रात्री देणे शहाणपणाचे. दुसरी झोपेची गोळी वाचते. ओलान्झापिन आणि मिर्टाझापिनलाही हेच लागू. ट्राझोडोन देत असाल तर पुरुष रुग्णाला दीर्घकाळ न उतरणाऱ्या ताठरतेबद्दल सांगा, लाजून चालत नाही. ती तातडीची बाब आहे.

आणि मेलाटोनिन, प्रोमेथाझिन?

संथपणे विरघळणारे मेलाटोनिन २ मिलिग्रॅम प्रामुख्याने ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. झोपण्याच्या एक-दोन तास आधी, खाल्ल्यावर, गोळी न चावता, जास्तीत जास्त तेरा आठवडे. गुण सौम्य आहे, पण तोलही जात नाही आणि सवयही लागत नाही. रात्री दोनला देण्यात अर्थ नाही. प्रोमेथाझिन २५ ते ५० मिलिग्रॅम स्वस्त आणि सहज मिळते, मात्र सकाळपर्यंत सुस्ती राहते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि वृद्धांत लघवी अडते व गोंधळ उडतो. क्लोझापिनवरील रुग्णाला बद्धकोष्ठाची भर घालणारे काहीही देताना दोनदा विचार करावा.

एसओएस (गरज पडल्यासच द्यायची) ऑर्डर कशी लिहावी?

‘झोपिक्लोन एसओएस’ ही ऑर्डर नव्हे. त्यात औषध, मिलिग्रॅममधली मात्रा, तोंडावाटे की अन्य मार्गाने, कशासाठी, रात्री किती वाजल्यानंतर आणि किती वाजेपर्यंत, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, आधी कोणता बिनऔषधी उपाय करायचा आणि पुनरावलोकनाची तारीख हवी. उदाहरणार्थ: ‘झोपिक्लोन ३.७५ मिलिग्रॅम तोंडावाटे, झोप न लागल्यास, रात्री ११ ते १, रात्रीतून एकदाच, तीन रात्रींनंतर पुनरावलोकन.’ तारीख उलटली की ऑर्डर आपोआप बंद. सलग तीन रात्री एसओएस गेली तर ती एसओएस राहिलेली नाही. राऊंडला त्यावर बोलायलाच हवे.

दोन सापळे. एक, नियमित झोपेची गोळी आणि एसओएस झोपेची गोळी एकाच गटातल्या असतात आणि दोन्ही जातात. दोन, प्रक्षोभासाठी लिहिलेले लोराझेपाम झोपेसाठी वापरले जाते. एकूण बेन्झोडायाझेपिनची रोजची बेरीज चार्टवर एका जागी दिसली पाहिजे.

किती वाजल्यानंतर देऊ नये?

झोल्पिडेम आणि झोपिक्लोन घेतल्यावर सात-आठ तास झोपायला मिळाले पाहिजेत. उठवणी सहाला असेल तर रात्री अकरा ही योग्य मर्यादा. नाइलाज असेल आणि सकाळी उशिरापर्यंत झोपू देता येणार असेल तर एक. त्यापुढे दिलेल्या गोळीने सकाळी तोल जातो, नाश्ता चुकतो, दिवसभर पेंग येते आणि पुढची रात्र पुन्हा जागरणाची. रात्री नऊच्या औषधांबरोबर सगळ्यांच्या झोपेच्या गोळ्या वाटून टाकणे हीसुद्धा चूकच आहे. झोल्पिडेम नऊला घेतलेला माणूस दोन वाजता टक्क जागा होतो.

कोणाला फार जपून, किंवा देऊच नये?

उपचार न झालेला झोपेतील श्वासरोध, श्वसनाचा गंभीर आजार, यकृताचा गंभीर आजार, दारू किंवा ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधांचा ताजा वापर यांत देऊ नये. पासष्टीपुढे निम्मी मात्रा, आणि तीही शक्यतो टाळावी: पडून मांडीचे हाड मोडणे आणि गोंधळ ही खरी भीती आहे. वृद्ध रुग्ण अचानक रात्री बडबडू लागला, कपडे ओढू लागला, तर ते डिलिरियम (शारीरिक कारणाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ) समजून संसर्ग, लघवी, बद्धकोष्ठ, नवे औषध शोधावे.

क्लोझापिन सुरू करताना बेन्झोडायाझेपिन सोबत दिल्यास श्वास व रक्ताभिसरण कोलमडल्याच्या नोंदी आहेत. ओलान्झापिनचे स्नायूतील इंजेक्शन आणि बेन्झोडायाझेपिनचे इंजेक्शन एका वेळी देऊ नये, किमान एक तासाचे अंतर हवे आणि नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्धी पाहत राहावे. ईसीटीच्या (विजेच्या प्रवाहाने मेंदूत झटका आणण्याचा उपचार) आदल्या रात्री बेन्झोडायाझेपिन दिले तर झटका नीट येत नाही. द्यावेच लागले असेल तर ईसीटी चमूला सकाळी सांगावे. गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रीसाठी वरिष्ठांशी बोलूनच.

उन्मादाचा रुग्ण तीन रात्री झोपला नाही. झोपेची गोळी वाढवायची का?

मुख्य औषध आधी पुरेशा मात्रेत आणा: सायकोसिसवरचे औषध किंवा मूड स्थिर करणारे. काही दिवसांपुरते बेन्झोडायाझेपिन जोडता येते. झोपिक्लोनवर उन्माद आटोक्यात येण्याची अपेक्षा व्यर्थ. त्याबरोबर नैराश्यविरोधी औषध आणि स्टिरॉइड चालू राहिले नाही ना ते पाहा, एकट्याची शांत खोली द्या, संध्याकाळपासून प्रकाश कमी करा. नॉर्वेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उन्मादाच्या दाखल रुग्णांनी सात दिवस संध्याकाळी सहा ते सकाळी आठ नारिंगी, निळा प्रकाश अडवणारे चष्मे घातले आणि नेहमीच्या औषधांच्या जोडीला त्यांची लक्षणे साध्या चष्म्याच्या गटापेक्षा बरीच कमी झाली. उलट, बऱ्या झालेल्या रुग्णाची झोप एकाएकी घटली तर तो पहिला इशारा माना.

एक गोळी देऊनही झोप नाही. दुसरी?

त्याच रात्री नाही. सलग रात्री गुण नसेल तर कारण पुन्हा शोधा. दोन वेगवेगळ्या झोपेच्या गोळ्या एकत्र करून फायदा वाढत नाही, पडण्याचा आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

रुग्ण गोळी गालात दडवतो. कसे ओळखावे?

गोळी एकेकाला, पाण्यासह, समोर उभे राहून द्यावी. नंतर तोंड उघडून जीभ वर, मग गालांच्या आत पाहावे आणि दोन वाक्ये बोलायला लावावे. साठवलेल्या गोळ्या आत्महत्येसाठी, देवघेवीसाठी किंवा दिवसा नशेसाठी वापरल्या जातात. खाटेखाली गोळ्या सापडल्या तर शिक्षेची भाषा नको. का साठवल्या हे विचारणे हा धोक्याच्या मूल्यांकनाचा भाग आहे. विरघळणारे किंवा पातळ औषध उपलब्ध असेल तर तसे बदलून घ्यावे. गोळी आपल्या मनाने कुटून देऊ नये, विशेषतः संथ विरघळणारी.

दुःस्वप्नांसाठी काही आहे का?

दिवसा, जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज दहा मिनिटे मनात घोळवण्याची पद्धत उपयोगी पडते आणि वॉर्डात शिकवता येते. प्राझोसिनचा वापर होतो, पण २०१८ मधल्या मोठ्या चाचणीत ते प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरले नाही. दिले तर रात्री १ मिलिग्रॅमने सुरुवात करा, पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब उतरून चक्कर येते. बीटा ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे) आणि काही नैराश्यविरोधी औषधेही भडक स्वप्ने पाडतात.

सवय किती दिवसांत लागते, आणि बंद कशी करायची?

झोल्पिडेम, झोपिक्लोन आणि बेन्झोडायाझेपिन दोन, फार तर चार आठवड्यांच्या वर देऊ नयेत. काही आठवडे रोज घेतल्यावर शरीर सरावते. अचानक थांबवले की पहिल्या एक-दोन रात्री आधीपेक्षाही वाईट जातात. रुग्णाला वाटते, पाहा, गोळीशिवाय मला झोप येतच नाही. ही उसळी आहे आणि ती ओसरते, हे आधीच सांगितले तर रुग्ण त्या रात्री निभावतो.

दोन आठवड्यांपेक्षा कमी घेतली असेल तर तीन-चार रात्री निम्मी करून थांबवता येते. दीर्घकाळच्या वापरात घाई नको: अमेरिकेतील २०२५ च्या मार्गदर्शक सूचना सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात सुचवतात. गरज पडल्यास डायझेपामवर (जास्त काळ टिकणारे बेन्झोडायाझेपिन) बदलतात. साधारण ५ मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीला ७.५ मिलिग्रॅम झोपिक्लोन, १० मिलिग्रॅम झोल्पिडेम, १० मिलिग्रॅम टेमाझेपाम, ५ मिलिग्रॅम नायट्राझेपाम किंवा ०.५ ते १ मिलिग्रॅम लोराझेपाम धरतात. वर्षानुवर्षे घेणारा रुग्ण दाखल झाला म्हणून पहिल्याच रात्री गोळी काढून घेऊ नये. फिट येऊ शकते.

डिस्चार्जच्या वेळी गोळी घरी द्यायची का?

शक्यतो नाही. वॉर्डातला आवाज आणि प्रकाश हे कारण असेल तर घरी ते कारणच उरत नाही. डिस्चार्जच्या दोन-तीन रात्री आधी गोळी थांबवून पाहावी. द्यावीच लागली तर पाच-सात दिवसांपुरती, आणि डिस्चार्जपत्रात चार गोष्टी स्पष्ट: का सुरू केली, कोणत्या तारखेला, किती मात्रा, कोणत्या तारखेला बंद. हे लिहिलेले नसेल तर पुढचा डॉक्टर ती चालू ठेवतो आणि वॉर्डातली तीन रात्रींची गोळी वर्षभर चालते.

नातेवाईकांनी गोळ्यांची पट्टी स्वतःकडे ठेवावी, रोज एकच द्यावी, उरलेल्या औषध दुकानात परत कराव्यात. गोळी घेतलेल्या रात्री दारू नाही. सकाळी डोळ्यांवर झापड असेल तर गाडी आणि यंत्र दोन्ही बंद. झोपिक्लोनचा परिणाम दहा-अकरा तासांनंतरही गाडी चालवण्यावर दिसतो, माणसाला स्वतःला ताजे वाटत असले तरी.